कामावरील ताण आणि आपली जनुके : शिरूर-दौंड परिसरातील कामगार कुटुंबांसाठी एक अभ्यासलेख

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दोन तालुके मूळचे शेतीप्रधान होत. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठचा ऊस, जिरायती ज्वारी-बाजरी, दुधाचा जोडधंदा आणि दौंडचे रेल्वे जंक्शन ही त्यांची जुनी ओळख. गेल्या तीन-साडेतीन दशकांत या ओळखीत मोठी भर पडली. पुणे-अहिल्यानगर महामार्गावर कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर आणि रांजणगाव येथे, तर पुणे-सोलापूर महामार्गावर कुरकुंभ येथे कारखानदारी उभी राहिली. रांजणगावी प्रामुख्याने वाहने, घरगुती उपकरणे व यंत्रांचे सुटे भाग, तर कुरकुंभला रसायने व औषधे तयार होतात. त्यांत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आणि रेल्वेची अहोरात्र चालणारी कामे मिळवली, म्हणजे या परिसरातील किती कुटुंबांचे जीवन ‘पाळी’वर चालते याची कल्पना येते.

या कुटुंबांतील रुग्ण रक्तदाब, मधुमेह, अपचन, निद्रानाश अशा तक्रारी घेऊन रुग्णालयात येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात एक वाक्य नेहमी येते : “आमच्या घराण्यातच आहे हे.” काही तरुण जोडप्यांच्या मनात याच्या पुढचा प्रश्न असतो. आपल्या कामाचा ताण आपल्या रक्तात उतरून मुलाबाळांपर्यंत जाईल काय? हे दोन्ही विचार महत्त्वाचे आहेत. पहिल्यामुळे माणूस उपचाराविषयी उदासीन होतो, तर दुसऱ्यामुळे विनाकारण भयभीत होतो. कामावरील ताण आणि आनुवंशिकता यांच्या संबंधाविषयी विज्ञानाला आज जे ठाऊक आहे, ते सोप्या भाषेत मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ताण म्हणजे नेमके काय?

‘ताण’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. वैद्यकशास्त्रात त्याला विशिष्ट अर्थ आहे. संकट समोर येताच मेंदूच्या आज्ञेने मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी अॅड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, यकृत साखर मोकळी करते आणि पचन मंदावते. साप दिसल्यावर पळण्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे, कारण संकट टळले की शरीर पूर्ववत होते. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली प्रथम दाखवून दिले की संकट टळलेच नाही आणि ही स्थिती दीर्घकाळ टिकली, तर तीच व्यवस्था शरीराला झिजवू लागते.

कारखान्यातील ताण बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारचा असतो. तासाला ठरलेले नग, लाईन थांबली तर द्यावा लागणारा जाब, ठेकेदाराकडील कामाची अनिश्चितता, दर आठवड्याला बदलणारी पाळी आणि घरभाड्याची चिंता यांतील एकही गोष्ट सापासारखी समोरून निघून जात नाही. अमेरिकेतील रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली एक महत्त्वाचे सूत्र मांडले. केवळ काम जास्त असल्याने होणाऱ्या अपायापेक्षा, काम जास्त आणि त्यावर स्वतःचे नियंत्रण मात्र अत्यल्प अशा स्थितीत होणारा अपाय अधिक असतो. ब्रिटनमधील सरकारी नोकरांच्या ‘व्हाइटहॉल’ या दीर्घ अभ्यासात हेच दिसून आले. हृदयविकार वरिष्ठ अधिकाऱ्यांपेक्षा कनिष्ठ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांत अधिक होता, आणि आपल्या कामावर आपले नियंत्रण नसणे हे त्याचे एक प्रमुख कारण आढळले. ‘टेन्शन साहेबांना, आम्हांला काय’ या समजुतीला आधार नाही, हे यावरून स्पष्ट होते.

जनुकांची अक्षरे आणि त्यांचे वाचन

आपल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. गुणसूत्रे डीएनए या लांबलचक रेणूची बनलेली असून एका पेशीतील डीएनए उलगडला तर तो सुमारे दोन मीटर भरेल. त्यावर चार रासायनिक अक्षरांत शरीराच्या बांधणीच्या सूचना लिहिलेल्या असतात. प्रथिने बनविण्याच्या सूचना देणारी जनुके माणसात सुमारे वीस हजार आहेत.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. ग्रंथातील मजकूर ही एक गोष्ट आणि त्यातील कोणते पान उघडून वाचले जाते ही दुसरी गोष्ट. यकृताच्या आणि त्वचेच्या पेशीत ग्रंथ एकच असतो, परंतु उघडी पाने निराळी असतात. डीएनएवर मिथिल नावाचे सूक्ष्म रासायनिक गट चिकटून काही पाने मिटलेली राहतात, तर काही उघडी राहतात. या व्यवस्थेच्या अभ्यासाला अधिजनुकशास्त्र म्हणतात. आहार, झोप, तंबाखू, रसायने आणि दीर्घ ताण यांचा या खुणांवर परिणाम होतो.

कामाच्या ताणाने जनुकांतील मूळ मजकूर पुसला जाऊन नवा लिहिला जातो, असे समजणे चुकीचे आहे. ताणाचा परिणाम मुख्यतः वाचनावर होतो आणि काही अंशी ग्रंथाच्या जपणुकीवर होतो. पुढील तीन उदाहरणांवरून हे कळेल.

पहिले उदाहरण : शरीरातील घड्याळ

जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फळमाशीवर संशोधन करून त्यांनी शरीराचे चोवीस तासांचे घड्याळ जनुकांच्या साहाय्याने कसे चालते हे उलगडले. ही जनुके दिवसा व रात्री आळीपाळीने चालू-बंद होतात. त्यांच्या तालावर झोप, शरीराचे तापमान, रक्तदाब आणि साखरेचे पचन चालते. मेंदूतील मुख्य घड्याळ उजेडावर लावले जाते, तर यकृतासारख्या अवयवांतील घड्याळांना जेवणाची वेळही कळत असते.

रात्रपाळीत ही घड्याळे एकमेकांशी विसंगत होतात. मेंदू रात्र समजतो, पोटात मात्र दोन वाजता डबा पडतो. पाळी दर आठवड्याला बदलली की शरीर एका वेळापत्रकाला सरावते न सरावते तोच दुसरे सुरू होते. रात्रपाळी करणाऱ्यांत मधुमेह व हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळते, त्यामागे ही विसंगती हे एक कारण मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ साली रात्रपाळीला ‘कर्करोगास बहुधा कारणीभूत’ या वर्गात ठेवले आणि २०१९ च्या फेरविचारातही तोच निष्कर्ष कायम ठेवला. रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होईल असा याचा अर्थ मुळीच नाही. धोका किंचित वाढतो, म्हणून तपासणी व विश्रांती यांची काळजी अधिक घ्यावी, एवढाच बोध घ्यावयाचा.

दुसरे उदाहरण : दुरुस्तीचे काम

पेशींतील डीएनएला दररोज असंख्य लहान इजा होतात. त्या दुरुस्त करणारी यंत्रणा निसर्गाने दिलेली आहे. दुरुस्तीत काढून टाकलेले निकामी भाग लघवीवाटे बाहेर पडतात, व ते मोजता येतात. अमेरिकेतील सिअॅटल येथील संशोधकांनी २०१७ साली पन्नास पाळी कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रात्री झोपलेले असताना जेवढे निकामी भाग लघवीत आढळत, त्याच्या सुमारे एकपंचमांशच ते रात्री काम करीत असताना आढळले. अंधारात स्रवणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक रात्रीच्या कामात कमी पडते आणि त्यामुळे दुरुस्ती मंदावत असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अभ्यास लहान होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही झोप म्हणजे आळस नसून शरीराच्या दुरुस्तीची वेळ आहे, हे घरातील सर्वांनी समजून घ्यावे यासाठी हे उदाहरण पुरेसे आहे.

तिसरे उदाहरण : गुणसूत्रांची टोके

बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लास्टिकची टोपी असते, ती गेली की नाडी उसवते. गुणसूत्रांच्या टोकांनाही अशी संरक्षक टोपी असून तिला टेलोमेअर म्हणतात. पेशी विभागताना ही टोके थोडी थोडी आखूड होतात. या शोधाबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर व जॅक शोस्टाक यांना २००९ चे नोबेल मिळाले. ब्लॅकबर्न व मानसशास्त्रज्ञ एलिसा एपेल यांनी २००४ साली दीर्घ आजारी मुलांची शुश्रूषा करणाऱ्या मातांचा अभ्यास केला. सर्वाधिक ताण जाणवणाऱ्या स्त्रियांची टोके, कमी ताण असणाऱ्यांच्या तुलनेत, वयाने किमान दहा वर्षे अधिक असल्याप्रमाणे आखूड आढळली. फिनलंडमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे २,९०० व्यक्तींच्या पाहणीत कामामुळे अतिशय थकलेल्यांत असाच कल दिसला. पुढील अनेक अभ्यासांत हा संबंध आढळला तरी तो पहिल्याइतका ठळक नाही. म्हणून टेलोमेअर मोजून घेण्यासाठी महागड्या चाचण्यांवर पैसे खर्च करण्याची गरज सर्वसामान्य कामगाराला नाही. रक्तदाब व रक्तशर्करा मोजणे त्याच्या अधिक उपयोगाचे आहे.

रसायनांचा प्रश्न वेगळा

मानसिक ताण आणि रसायनांचा संपर्क यांची गल्लत करू नये. बेंझीन, इथिलीन ऑक्साइड, फॉर्मल्डिहाइड, मुलामा देण्याच्या कामातील षट्संयुजी क्रोमियम आणि वेल्डिंगचा धूर यांना कर्करोगकारक म्हणून निश्चित मान्यता मिळालेली आहे. यांपैकी काही द्रव्ये डीएनएचा मजकूरच बिघडवू शकतात. अशा ठिकाणी ताण कमी करून भागत नाही. बंदिस्त यंत्रणा, हवा खेचून घेणारे पंखे, योग्य मुखपट्टी व हातमोजे आणि नियमित वैद्यकीय तपासणी हाच उपाय होय. आपण कोणते द्रव्य हाताळतो याची माहिती मागणे हा कामगाराचा हक्क आहे. डॉक्टरांकडे जाताना त्या द्रव्याचे नाव लिहून आणावे.

मुलांपर्यंत काय पोहोचते?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. उंदरांवरील काही प्रयोगांत पित्याला दिलेल्या ताणाचे परिणाम पिल्लांत दिसले आहेत. परंतु माणसात गर्भधारणेच्या सुमारास बहुतेक अधिजनुकीय खुणा पुसून पुन्हा नव्याने मांडल्या जातात. नोकरीतील मानसिक ताण जनुकांमार्फत पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, असे माणसात सिद्ध झालेले नाही. रात्रपाळी करणाऱ्या पित्याने आपण मुलाला कायमचा दोष दिला असे मनाला लावून घेऊ नये.

गर्भावस्थेतील परिस्थितीचे मात्र तसे नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँडमध्ये युद्धामुळे भीषण उपासमार झाली. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या एका वाढविषयक जनुकावरील मिथिल खुणा सहा दशकांनंतरही त्यांच्या भावंडांपेक्षा निराळ्या आढळल्या, असे २००८ साली प्रसिद्ध झाले.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. याविषयीचे जगन्मान्य संशोधन आपल्याच जिल्ह्यात झाले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील सुमारे आठशे गर्भवतींचा अभ्यास हाती घेतला. या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील बाळांच्या तुलनेत ती दिसायला बारीक, स्नायू कमी, परंतु चरबी मात्र त्या मानाने राखलेली अशी होती. पुढे मधुमेहाकडे झुकण्याचा पाया येथेच घातला जातो, असे या शास्त्रज्ञांचे प्रतिपादन आहे. या मातांपैकी सुमारे दोनतृतीयांश मातांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. डीएनएवर मिथिल खुणा बसविण्याच्या प्रक्रियेत हे जीवनसत्त्व लागते. ते मुख्यतः दूध, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. घरचे दूध डेअरीला जाते आणि घरच्या सुनेच्या वाट्याला कोरा चहा येतो, ही आपल्याकडची रीत या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे.

याच अभ्यासातील २००३ साली प्रसिद्ध झालेला एक निष्कर्ष आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. गर्भारपणात शेतातील कामे, पाणी वाहणे, धुणे अशी कष्टाची कामे ज्यांना अधिक करावी लागली, त्यांच्या बाळांचे जन्मवजन कमी भरले. कामाचा भार पुढच्या पिढीपर्यंत पोहोचण्याचा हा आपल्या मातीत नोंदला गेलेला मार्ग आहे. शेतावरील बाईला जे लागू, ते दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या कारखान्यातील गर्भवतीलाही लागू पडते, असे मानून काळजी घेणे शहाणपणाचे ठरेल. मुलीचा गर्भ पोटात असतानाच त्या मुलीची बीजांडे तयार होत असतात. म्हणजे एका गर्भवतीची काळजी घेताना आपण आजी, आई व नात अशा तीन पिढ्यांची काळजी घेत असतो.

‘घराण्यातच आहे’ या वाक्याविषयी

घराण्यात केवळ जनुके उतरत नाहीत. एका घरात एकच स्वयंपाक, एकच मिठाचे प्रमाण, तंबाखूची तीच सवय, झोपेच्या त्याच वेळा आणि पुष्कळदा एकाच प्रकारची नोकरी पिढ्यान्‌पिढ्या चालते. पिता रेल्वेत रात्रीची ड्युटी करीत असेल, पुत्र कारखान्यात रात्रपाळी करीत असेल आणि दोघांनाही चाळिशीत रक्तदाब जडला असेल, तर त्याचे श्रेय केवळ रक्ताला देता येत नाही. जनुकांमुळे कल येतो हे खरे. परंतु त्या कलाचे रोगात रूपांतर होण्यात कामाचे तास आणि झोप यांचा मोठा वाटा असतो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली संयुक्त अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळला. २०१६ या एका वर्षात दीर्घ कामाच्या तासांमुळे जगभरात सुमारे ७,४५,००० मृत्यू ओढवल्याचा त्यांचा हिशेब आहे. सहा दिवस आठ तासांची पाळी म्हणजे ४८ तास होतात. त्यावर दररोज दीड तास ओटी केली की आठवडा ५७ तासांवर जातो. हे गणित प्रत्येक कुटुंबाने एकदा करून पाहावे.

जनुके बदलता येत नाहीत, परंतु तास, झोप, आहार व तपासणी बदलता येतात. वडिलांना रक्तदाब होता म्हणून आपणही गप्प बसावे, हा निष्कर्ष त्यामुळे चुकीचा ठरतो. उलट अशा माणसाने इतरांपेक्षा लवकर तपासणीस यावे.

करण्याजोग्या गोष्टी

कामगार बंधुभगिनींनी रात्रपाळीनंतर अंधाऱ्या व शांत खोलीत सलग झोप घ्यावी. मध्यरात्रीनंतर जड जेवण टाळून हलका आहार घ्यावा, पाळीच्या उत्तरार्धात चहा टाळावा. जागरणाने डोळे मिटत असताना महामार्गावर दुचाकी चालवू नये. कंपनीची बस असल्यास तीच वापरावी. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब व रक्तशर्करा तपासून घ्यावी. औषधे चालू असतील तर आपली पाळी डॉक्टरांना अवश्य सांगावी, कारण गोळी घेण्याच्या वेळा पाळीप्रमाणे ठरवाव्या लागतात. मन फार खचले असल्यास १४४१६ या ‘टेली मानस’ क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

कुटुंबीयांनी दिवसा झोपलेल्या माणसाला किरकोळ कामासाठी उठवू नये. रात्रपाळी करणारी स्त्री घरी येताच पुन्हा चुलीपाशी उभी राहते, तिच्या झोपेचा हिशेब तर कोणीच ठेवत नाही. तो ठेवावा. घरात गर्भवती असेल तर तिला दूध, डाळ, हिरव्या भाज्या आणि दुपारची विश्रांती मिळेल असे पाहावे.

कारखान्यांच्या व्यवस्थापकांना एकच विनंती आहे. पाळ्या बदलताना सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीराला सोपा जातो, उलट क्रम अवघड जातो. यासाठी फारसा खर्च येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत ठरावीक वयाच्या कामगारांच्या विनामूल्य वार्षिक तपासणीची तरतूद आहे. ती कागदोपत्री न राहता ठेकेदाराकडील कामगारांपर्यंतही पोहोचावी.

शेवटी रुग्णालय, विश्वस्त आणि देणगीदार यांच्या वाट्याचे काम. इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी वैद्यांना सांगितले की रुग्णाला इतर प्रश्नांबरोबर ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारीत जा. तीनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी धर्मादाय रुग्णालयांच्या केसपेपरवर पुष्कळदा ‘व्यवसाय : नोकरी’ एवढीच नोंद असते. त्याऐवजी कामाचा प्रकार, पाळी, आठवड्याचे तास, हाताळली जाणारी द्रव्ये आणि झोप असे पाच रकाने ठेवले, तर त्याला छपाईपलीकडे खर्च नाही. अशा नोंदी काही वर्षे साठल्या की या परिसरात कोणत्या कामाने कोणता रोग वाढतो याचे चित्र आपोआप उभे राहील. के.ई.एम. संशोधन केंद्राने शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथून शिरूर व हवेली तालुक्यांतील बावीस गावांत २००२ पासून लोकसंख्या व आरोग्याच्या नोंदी पद्धतशीर ठेवल्या आहेत. ग्रामीण भागातही असे काम चिकाटीने होऊ शकते याचा तो वस्तुपाठ आहे.

पाळीच्या वेळेशी जुळणारा सायंकाळचा बाह्यरुग्ण विभाग, औद्योगिक वसाहतींच्या प्रवेशद्वारी रक्तदाब तपासणी आणि गर्भवती कामगार स्त्रियांसाठी बी-१२ व लोहाची तपासणी या तीन गोष्टी देणगीदारांच्या सहकार्याने साध्य होण्यासारख्या आहेत. एका मोठ्या यंत्राच्या किमतीच्या मानाने त्यांचा खर्च अल्प आहे, आणि त्यांचा लाभ अद्याप जन्माला न आलेल्यांपर्यंत पोहोचणारा आहे. या दृष्टीने आपण सर्वांनी विचार करावा, ही नम्र विनंती.